बाकीचे 80 टक्के गेले कुठे?

यावेळी फवारणीच्या औषधांवरचेच प्रश्न जास्त आलेत, आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा रोख औषधावर नाहीच, बाटलीत त्याच्यासोबत जे बाकीचं असतं त्यावर आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं कापावी लागली, राग मानू नका.

प्रश्न: बाटलीवर 20 टक्के ईसी (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं तेलकट औषध) असं लिहिलेलं असतं. मग उरलेलं 80 टक्के काय? आपण विकत घेतो ते नक्की काय, रॉकेल आणि पाणी?

रॉकेल म्हणालात ते अगदीच चुकलं नाही हो तुमचं. ईसीमध्ये पाणी बहुतेक नसतंच, पण रॉकेलच्या नात्यातलं काहीतरी नक्की असतं. कारखान्यात जे शुद्ध औषध तयार होतं त्याला टेक्निकल म्हणतात, ते एकतर मेणचट खडे असतात नाहीतर घट्ट तेलकट पदार्थ, आणि बऱ्याच वेळा पाण्यात विरघळायलाच तयार नसतं. आता काही औषधं हेक्टरी 20-25 ग्रॅम सुद्धा पुरतात, म्हणजे मूठही भरणार नाही एवढी वस्तू, ती हेक्टरभर पिकाच्या पानापानावर सारखी पसरवायची कशी? तेच काम त्या 80 टक्क्यांचं.

ईसीमध्ये औषध एका तेलकट सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवलेलं असतं, पूर्वी झायलीन सर्रास वापरायचे, आता बरेच जण पेट्रोलियममधून निघणारं जड तेल वापरतात. त्यात 5 ते 10 टक्क्यांच्या आसपास इमल्सिफायर टाकतात. इमल्सिफायरच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून तुम्ही टाकीत ओतल्या ओतल्या तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्यात ढग पसरल्यासारखं दिसतं. सहसा दोन वेगवेगळे इमल्सिफायर जोडीने घालतात कारण कुणाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, कुणाचं हलकं, एकट्याने दोन्हीकडे निभत नाही. त्यातला एक पुष्कळदा एरंडेल तेलापासून बनवलेला असतो.

आणि जाता जाता, टाकीतलं पाणी जेवढं पांढरं तेवढं औषध कडक ही समजूत डोक्यातून काढून टाका. पांढरेपणा येतो तो तेलाच्या थेंबांवर उजेड विखुरतो म्हणून, दूध पांढरं दिसतं त्याचंही मुख्य कारण तेच. मायक्रोइमल्शन नावाच्या प्रकारात थेंब 0.1 मायक्रॉनपेक्षा लहान असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते पाण्यात टाकलं तर पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं, लोक घाबरतात की भेसळ आहे, पण औषध तेवढंच असतं.

प्रश्न: एकच औषध ईसी आणि एससी (सस्पेन्शन कॉन्सन्ट्रेट) अशा दोन रूपात मिळतं. सगळे म्हणतात ईसी जहाल. खरं का? आणि भुकटीचं काय?

जहाल म्हणजे कोणाला ते आधी ठरवू या. ईसीमधलं सॉल्व्हंट पानावरच्या मेणाच्या थरातून औषध आत न्यायला मदत करतं हे खरं, पण मग ते कोवळी पालवी आणि फुलं सुद्धा भाजू शकतं, आणि तुमची कातडी म्हणजे काय लोखंड नाही, तिच्यातूनही ते औषध आत नेतं. माप भरताना हातावर ओघळलेलं ईसी आणि तेवढंच एससी यात ईसी सहसा जास्त आत जातं.

एससीमध्ये औषध विरघळवलेलं नसतंच. खडे पाण्यात घालून बारीक मण्यांच्या गिरणीत 1 ते 5 मायक्रॉनपर्यंत दळतात आणि ते कण पाण्यात तरंगत ठेवायचे. तरंगत ठेवायला झँथन गम, तोच जो सॉसला घट्टपणा यावा म्हणून घालतात, थंडीत गोठू नये म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल, फेस होऊ नये म्हणून सिलिकॉन, आणि तो गम जिवाणूंनी खाऊन टाकू नये म्हणून वरून थोडं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे बघा औषध टिकवायला गम आणि गम टिकवायला आणखी एक औषध. याला वास फारसा येत नाही म्हणून लोकांना वाटतं दम नाही. पण अहो, ईसीचा तो जो भपका येतो तो बराचसा सॉल्व्हंटचा असतो, त्यावरून कीड मरेल की नाही काही कळत नाही. एससीची एकच अट, बाटली नीट हलवायची, तळापर्यंत. न हलवता वरचं वरचं वापरलं तर पहिल्या टाकीत कमी आणि शेवटच्या टाकीत दाट जातं, मग अर्ध्या शेतात कीड तशीच आणि उरलेल्या अर्ध्यात पानं करपलेली.

भुकटीचा, म्हणजे डब्ल्यूपीचा, त्रास पाकीट फोडतानाच होतो. तो धुरळा नाकात जातो आणि ते पातळ केलेलं नसतं, पूर्ण ताकदीचं असतं, दिवसभर फवारणाऱ्यापेक्षा दोन मिनिटं मिसळणाऱ्याला जास्त बाधा होऊ शकते ती अशी. म्हणूनच मग डब्ल्यूजी आले, तीच भुकटी पण दाणे केलेली, पाण्यात पडली की दाणा फुटून परत भुकटी. काही भुकट्या पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत येतात, ती पिशवी फाडायची नसते, तशीच टाकीत सोडायची, आणि ओल्या हाताने धरायची नाही.

सीएस म्हणजे बारीक कॅप्सूल, औषधाभोवती प्लॅस्टिकसारखं पातळ कवच, हळूहळू बाहेर येतं म्हणून हाताळणाऱ्याला धोका कमी आणि परिणाम जास्त दिवस. यात एक वाईट गोष्ट मात्र घडून गेलीय, 1970 च्या दशकात मिथाइल पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाची कॅप्सूल आली, माणसासाठी ती साध्या रूपापेक्षा बरी होती, पण कॅप्सूलचा आकार साधारण परागकणाएवढा, मधमाश्यांनी ती परागासोबत गोळा करून पोळ्यात नेऊन साठवली आणि मग पोळ्यातल्या पोळ्यात माश्या मरत राहिल्या.

मला विचाराल तर एकाच पिकासाठी लेबलवर दोन्हीला परवानगी असेल तर मी एससी घेईन.

प्रश्न: दोन औषधं आणि एक पाण्यात विरघळणारं खत एकत्र केलं तर टाकीत अक्षरशः दही झालं. नोझल तुंबलं, गाळणीवर गोळे. वेगवेगळी टाकली तेव्हा काहीच झालं नव्हतं.

वेगवेगळी टाकली तेव्हा होणारही नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपापलं औषध पाण्यात टिकेल एवढंच बघितलेलं असतं, दुसऱ्याच्या बाटलीत काय आहे ते त्यांनाही माहीत नसतं. तुमच्या टाकीत बहुधा दोन गोष्टी एकदम झाल्या. खत म्हणजे मीठ, आणि दाट मिठाच्या पाण्यात इमल्सिफायरची पकड सुटते, तेल वेगळं व्हायला लागतं. आणि ते सुटलेलं तेल एससीच्या किंवा भुकटीच्या कणांना एकमेकांना चिकटवतं, ताक घुसळताना लोण्याचे गोळे येतात ना तसे. एकदा असं जमलं की कितीही ढवळा परत फुटत नाही.

क्रम पाळला तर निम्मा त्रास वाचतो. टाकी अर्धी भरा, ढवळणं चालू ठेवा, पाणी सुधारायचं काही घालणार असाल तर ते सगळ्यात आधी, मग भुकटी किंवा दाणे, ते पूर्ण मोकळे होईपर्यंत थांबा (हे थांबणंच कोणाला जमत नाही), मग एससी, मग ईसी, मग पूर्ण विरघळणारी एसएल वगैरे, स्प्रेडर (थेंब पानावर पसरवणारं द्रव्य) सगळ्यात शेवटी, आणि मग उरलेलं पाणी. दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीच ओतायच्या नाहीत, मधे पाणी हवंच. लेबलवर वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

आणि नवीन जोडी असेल तर आधी बरणीत करून बघा. समजा 200 लिटर पाण्याला 200 मिली औषध आहे तर 1 लिटर पाण्याला 1 मिली, असं सगळं त्याच क्रमाने, त्याच पाण्यात, काचेच्या बरणीत, हातमोजे घालून. अर्धा तास ठेवायचं. साय आली, गोळे झाले, तळाला घट्ट साका बसला किंवा बरणी हाताला गरम लागली तर ती जोडी सोडून द्यायची. थोडा सैल साका आला आणि हलवल्यावर परत एकजीव झाला तर चालतं, फक्त टाकी ढवळती ठेवावी लागते. ही बरणी एवढंच सांगते की मिश्रण फाटतं की नाही, पिकाला भाजेल की नाही ते तिला कळत नाही, त्यासाठी चार झाडांवर मारून दोन-तीन दिवस बघावं लागतं.

नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. हे लिहायची गरज पडू नये पण पडते.

प्रश्न: ग्लायफोसेटचं एक तणनाशक 41 टक्के एसएल (द्रव) आहे आणि दुसरं 71 टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे). दुसरं पावणेदोन पट जोरदार समजायचं का?

जवळपास, पण सरळ भागाकार चालत नाही. हे दोन्ही आकडे मिठाचे आहेत, म्हणजे ग्लायफोसेट आम्ल अधिक त्याला जोडलेला दुसरा तुकडा. काम करतं ते आम्ल. 41 टक्क्यांत जोडीला आयसोप्रोपिल अमाइन असतं, ते वजनदार, म्हणून आम्ल निघतं 30 टक्क्यांच्या थोडं वर, आणि द्रव पाण्यापेक्षा जड असल्याने लिटरला ते साधारण 360 ग्रॅम भरतं. 71 टक्क्यांत जोडीला अमोनियम, ते हलकं, म्हणून किलोला आम्ल जवळपास 645 ग्रॅम. म्हणजे एक लिटरच्या जागी साधारण 560 ग्रॅम दाणे. हा हिशोब फक्त तुलनेसाठी, मात्रा लेबलवरचीच घ्या, कारण दोन्हीतला सरफॅक्टंट (थेंब पानावर पसरवून औषध आत शिरायला मदत करणारा साबणासारखा घटक) सारखा असेलच असं नाही आणि ग्लायफोसेट पानात शिरतं ते बरंचसं सरफॅक्टंटच्या जोरावर.

जड पाण्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटला धरून बसतं आणि मग ते पानात नीट शिरत नाही, म्हणून अमोनियम सल्फेट आधी पाण्यात विरघळवून घेतात. गढूळ पाणीही वापरू नका, मातीचे कण त्याला घट्ट धरून ठेवतात.

प्रश्न: स्प्रेडर-स्टिकर खरंच लागतो का? त्याच्याऐवजी कपडे धुवायची पावडर टाकली तर?

पावडर नको. का ते सांगतो. कपड्याच्या पावडरीत साबणाच्या जोडीला सोडा असतो, त्याने पाण्याचा पीएच वर जातो आणि बरीच औषधं अशा पाण्यात तुटतात. कॅप्टन नावाचं बुरशीनाशक घ्या, किंचित आंबट पाण्यात ते काही तास टिकतं आणि पीएच 9 च्या पाण्यात काही मिनिटांत निम्मं संपतं, म्हणजे टाकी पाठीवर घेईपर्यंत तुम्ही औषधाऐवजी पाणी फवारायला निघालेले. शिवाय फेस होतो, आणि साधा साबण असेल तर जड पाण्यात त्याचा चिकट साका बनतो.

तसं साबण वापरायची पद्धत जुनीच आहे, 19 व्या शतकाच्या शेवटी रॉकेल आणि साबण घुसळून त्याचं दूध करायचे आणि फळझाडांवर मारायचे, तेच पहिल्या पिढीचं ईसी म्हणा हवं तर. पण तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं.

स्प्रेडर लागतो का ते पानावर ठरतं. कोबी, कांदा, भाताची पात यांच्यावर मेणाचा थर असतो, पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळून जातो, तिथे उपयोग दिसतो. पाण्याचा पृष्ठताण 72 च्या आसपास असतो (एकक मिलिन्यूटन प्रति मीटर), साधा स्प्रेडर तो 30 च्या जवळ आणतो आणि सिलिकॉनवाला 21-22 पर्यंत. थेंब पसरून पातळ थर होतो. पण इथेच लोक चुकतात, जास्त टाकला की थर इतका पातळ होतो की सगळंच पानावरून ओघळून खाली जातं आणि औषध मातीला मिळतं. सिलिकॉनवाला फार आंबट किंवा फार अल्कधर्मी पाण्यात काही तासांत तुटतो, त्यामुळे रात्रीचं उरलेलं मिश्रण सकाळी वापरू नका. आणि ईसीमध्ये इमल्सिफायर आधीच आहे, त्यात परत स्प्रेडर घालताना आधी लेबल बघा.

स्टिकर ही वेगळी वस्तू, ती पसरवत नाही, धरून ठेवते, पावसात धुऊन जाऊ नये म्हणून. बाजारात दोन्ही नावं जोडून घेतात त्यामुळे घोळ होतो.

प्रश्न: दोन-तीन वर्षांची जुनी बाटली आहे, तळाला खडे जमलेत. गरम पाण्यात ठेवून वापरली तर चालेल?

मुदत संपली असेल तर नाही, विषय संपला. मुदतीतली असेल आणि थंडीने खडे झाले असतील तर खोलीच्या तापमानाला आपोआप विरघळतायत का ते बघा आणि लेबलवर काय लिहिलंय ते वाचा. पेटती चूल, उकळतं पाणी वगैरे अजिबात नाही, आतलं सॉल्व्हंट पेट घेतं.

कंपन्या नवीन औषध तपासताना ते 54 अंश सेल्सिअसला 14 दिवस आणि शून्य अंशाला 7 दिवस ठेवून बघतात. सर्वसाधारण दोन वर्षं टिकेल का याचा अंदाज त्यावरून घेतात. पत्र्याखाली उन्हात पडलेली बाटली या परीक्षेत बसत नाही.

आणि जुनं औषध म्हणजे फार तर कमजोर झालं असेल, असं जे आपण धरून चालतो ते नेहमी खरं नसतं. 1976 साली पाकिस्तानात मलेरियाच्या मोहिमेत मॅलेथिऑनची भुकटी घराघरात फवारली जात होती. मॅलेथिऑन हे कीटकनाशक त्याच्या वर्गातल्या औषधांत त्यातल्या त्यात सौम्य समजलं जातं. पण साधारण 7,500 कामगारांपैकी 2,800 च्या आसपास लोकांना विषबाधा झाली आणि निदान 5 जण दगावले. नंतर तपासात निघालं की साठवणीत मॅलेथिऑनचं काही प्रमाणात आयसोमॅलेथिऑन झालं होतं. हा पदार्थ शरीरातलं मॅलेथिऑन मोडणारं एन्झाइमच बंद पाडतो, मग जे सौम्य होतं ते सौम्य राहत नाही. आणि हा बदल घडवायला हातभार कोणाचा, तर भुकटीत मिसळलेल्या बाकीच्या घटकांचा. कामगारांच्या अंगावर दिवसभर ओले कपडे, हातानेच मिसळणं, हेही होतंच त्यात.

प्रश्न: लेबलवर 'इनर्ट घटक' लिहितात. इनर्ट म्हणजे निरुपद्रवी ना?

नाही. त्याचा अर्थ इतकाच की कीड मारायचं काम त्याच्या नावावर नोंदलेलं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 1997 मध्ये कंपन्यांना सुचवलं की हा शब्द सोडा, 'इतर घटक' लिहा, कारण लोक तुमच्यासारखाच अर्थ काढत होते. पूर्वी ग्लायफोसेटमध्ये चरबीपासून बनवलेला टॅलो अमाइन सरफॅक्टंट घालायचे, मासे आणि बेडकांना तो ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक निघाला, युरोपीय संघाने 2016 मध्ये ग्लायफोसेटसोबत त्याच्यावर बंदी घातली.

काही घटक तर कीड मारण्यात सरळ भागीदार असतात. पायरेथ्रिन वर्गाच्या औषधात (मूळ शेवंतीच्या नात्यातल्या फुलांपासून निघणारं कीटकनाशक, त्यालाच पायरेथ्रम म्हणतात) पायपरोनिल ब्युटॉक्साइड घालतात, ते एकटं त्या प्रमाणात कीड मारत नाही, पण किड्याच्या शरीरातलं विष पचवणारं एन्झाइम अडवून धरतं, म्हणून थोड्या औषधात काम होतं. याची सुरुवात तिळाच्या तेलातून झालीय, 1940 च्या सुमाराला लक्षात आलं की तिळाचं तेल मिसळलं की पायरेथ्रमचा जोर वाढतो.

प्रश्न: बियाण्याला लाल रंग का देतात? आणि काही औषधं मुद्दाम निळी, घाण वासाची का करतात?

कोणी चुकून खाऊ-पिऊ नये म्हणून. पॅराक्वॅट हे तणनाशक दिसायला शीतपेयासारखं तपकिरी, घोटभर गेलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून त्यात निळा-हिरवा रंग, दुर्गंध आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उलटी आणणारं द्रव्य घालायला लागले. उंदराच्या औषधात डेनाटोनियम नावाचं अतिशय कडू द्रव्य घालतात, माणसाला ते लगेच थुंकावंसं वाटतं, उंदीर मात्र खातो.

पण रंगावर किती विसंबायचं? 1971-72 मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं गहू-बार्लीचं बियाणं वाटलं गेलं, लाल रंगवलेलं, पोत्यांवर इशाराही होता पण परक्या भाषेत. लोकांनी दाणे धुतले, रंग गेला, त्यांना वाटलं विषही गेलं, आणि त्याच्या भाकऱ्या केल्या. दवाखान्यात 6,530 जण दाखल झाले आणि 459 दगावले, हे फक्त नोंद झालेले. पारा दाण्यातच राहिला होता.

यालाच जोडून एका वाचकाने विचारलंय की चुकून ईसी पोटात गेलं तर मीठ-पाणी पाजून उलटी करवावी का. करवू नका. ते तेलकट सॉल्व्हंट उलटीबरोबर वर येताना फुफ्फुसात शिरलं तर न्यूमोनियासारखा त्रास होतो आणि तो औषधाइतकाच जीवघेणा ठरू शकतो. बाटलीसकट, निदान लेबलसकट, लगेच दवाखाना गाठा, डॉक्टरला औषधाचं नाव तर हवं असतंच, शेवटची ईसी-एससी ही अक्षरंही हवी असतात.